रिंग खाली आणा

संध्याकाळी साडेपाचच्या सुमारास नाशिकच्या गंगापूर रोडला जेहान सर्कलच्या आसपास कुठल्याही गल्लीत वळा, कुठल्या ना कुठल्या शाळेच्या आवारातून बास्केटबॉल आपटल्याचा आवाज येतोच. गेटबाहेर स्कूटरवर आया थांबलेल्या असतात. कुणाच्या हातात पाण्याची बाटली, कुणाच्या पायाशी क्लासची बॅग. आत सिमेंटचं कोर्ट, तीस-चाळीस पोरं, एक कोच आणि दोन रिंग. पोरांतली सगळ्यात धाकटी तिसरी-चौथीतली. रिंग मात्र दहा फुटांवर. ऑलिंपिकच्या फायनलला असते तेवढ्याच उंचीवर.

ती खाली आणा. या आठवड्यात मला एवढीच मागणी करायची आहे. शाळांकडे, कोचकडे, पालकांकडे, सगळ्यांकडे.

दहा फूट ही उंची कुठून आली, ते आधी पाहू. डिसेंबर १८९१. अमेरिकेतल्या स्प्रिंगफील्ड गावात वायएमसीएच्या प्रशिक्षण संस्थेत जेम्स नेस्मिथ नावाचा शिक्षक हिवाळ्यात हॉलमध्ये खेळता येईल असा एखादा खेळ शोधत होता. त्याने शिपायाकडे दोन खोकी मागितली. खोकी नव्हती, म्हणून शिपायाने पीचच्या टोपल्या आणून दिल्या. नेस्मिथने त्या हॉलच्या गॅलरीच्या कठड्याला ठोकल्या. कठडा जमिनीपासून दहा फुटांवर होता, म्हणून रिंग दहा फुटांवर. वर्गात अठरा विद्यार्थी होते आणि ते सगळे मोठे बाप्ये. लहान पोरांच्या हाडामांसाचा विचार त्या दिवशी कुणी केला नव्हता, करायचं कारणही नव्हतं. आज आपल्याकडे कारण आहे.

नऊ वर्षांचं पोर साधारण सव्वाचार फुटांचं असतं. त्याच्यासाठी दहा फुटांची रिंग म्हणजे साडेपाच फुटी माणसाला जवळजवळ तेरा फुटांवर रिंग लावून देण्यासारखं झालं. त्यात हातात सात नंबरचा बॉल, सहाशे ग्रॅमच्या आसपास वजनाचा, मोठ्या पुरुषांसाठी बनवलेला. त्या पोराला शॉट मारताना एकदा नीट, जवळ उभं राहून बघा. बॉल आधी कमरेपाशी जातो, कारण तिथूनच जोर मिळतो. गुडघे एकमेकांना चिकटतात. दोन्ही कोपरं बाहेर फाकतात, पाठ मागे वाकते, आणि दोन हातांनी बॉल वर भिरकावला जातो. बोर्डाच्या खालच्या कडेला तो लागला तरी पोर खूश होतं. असं रोज शंभरदा. सहा महिन्यांत ही सवय अंगात मुरते. मग सातवी-आठवीत कोच ओरडायला लागतात, "कोपर आत घे, मनगट मोड, एका हाताने!" सर, ते कोपर बाहेर आपणच काढलं. त्या रिंगपर्यंत बॉल पोचवायला पोराकडे दुसरा मार्गच नव्हता.

हा शोध काही मी लावलेला नाही. पेनसिल्व्हेनियातल्या स्क्रँटनमध्ये जे आर्चर या गृहस्थाने १९५०च्या सुमारास लहान मुलांसाठी लहान बॉल आणि बुटकी रिंग आणली. स्पेनमध्ये अन्सेल्मो लोपेझ यांनी साठच्या दशकात तीच कल्पना मिनी बास्केट म्हणून शाळाशाळांत रुजवली. आज मिनी बास्केटची रिंग २.६० मीटरवर असते, म्हणजे साडेआठ फूट, आणि बॉल पाच नंबरचा, पाचशे ग्रॅमच्या आतला. बारा वर्षांखालच्या पोरांनी यावरच खेळायचं. बेंचवरच्या पोरालाही सामन्यात उतरवलंच पाहिजे असा नियम त्यात घालून ठेवला आहे. त्या स्पेनने २००६ आणि २०१९ मध्ये वर्ल्ड कप जिंकला. फक्त बुटक्या रिंगमुळे जिंकला असा दावा कुणी करणार नाही, पण लहानपणी बुटक्या रिंगवर खेळून त्यांच्या पोरांचं काही अडलं नाही एवढं तर नक्की. अमेरिकेत एनबीए आणि तिथल्या राष्ट्रीय संघटनेने मिळून सूचना काढल्या, त्याही याच धर्तीच्या: सात-आठ वर्षांच्या मुलांना आठ फूट, नऊ ते अकराच्या मुलांना नऊ फूट, आणि तोवर झोन डिफेन्स बंद.

झोन का बंद, हे समजून घ्यायला पुन्हा रिंगपाशीच यावं लागतं. चौदा वर्षांखालच्या पोरांची मॅच बघा. दोघं पुढे, तिघं रिंगखाली, आणि पाचही जण हात वर करून उभे. समोरच्या संघातल्या कुणाचाही शॉट बाहेरून बसत नाही, कारण बाहेरून रिंगपर्यंत धड बॉल नेणारा शॉट कुणाच्या अंगात बसलेलाच नाही. मग आत गर्दी करून उभं राहिलं की झालं, डिफेन्स तयार. कित्येकदा पूर्ण मॅचमध्ये एका संघाचे वीस पॉइंट होत नाहीत, आणि जिंकणाऱ्या शाळेच्या गेटवर दुसऱ्या दिवशी फ्लेक्स लागतो. पण त्या झोनमधलं पोर शिकलं काय? जागा राखायला शिकलं. समोरच्या माणसाला अडवायचं कसं, पाय सरकवत त्याच्या पुढ्यात राहायचं कसं, आपला साथी चुकला तर धावून कधी जायचं, यातलं काहीच नाही. सतरा वर्षांखाली तेच पोर विभागाला खेळायला जातं, समोर एक चपळ गार्ड येतो, आणि आपलं पोर जागच्या जागी हात वर करून उभं राहतं. ते त्याला आपणच शिकवलेलं असतं.

आणि रिंग उंच, म्हणून उंच पोराचं राज्य. आठवीतच ज्याला मिसरूड फुटलंय त्याला रिंगखाली उभं करायचं, बाकीच्यांनी त्याच्याकडे बॉल टाकायचा. शालेय स्पर्धेत वयाची मोजणी १ जानेवारीपासून होते, म्हणजे जानेवारीत जन्मलेलं आणि डिसेंबरात जन्मलेलं पोर एकाच गटात येतं. तेरा वर्षांच्या वयात अकरा महिन्यांचा फरक म्हणजे पुष्कळ झाला. त्यावर शरीर वयात येण्याचा वेग प्रत्येकाचा निराळा, एकाच वर्गात दोन-तीन वर्षांचा फरक सहज दिसतो. निवड करताना आपण गुण निवडतोय असं आपल्याला वाटतं, आणि प्रत्यक्षात महिना निवडत असतो. ही गोष्ट देशोदेशी अभ्यासली गेली आहे, सिद्धही झाली आहे.

उंच पोराचंही यात भलं होत नाही, हे मला विशेष सांगायचं आहे. "तू फक्त खाली थांब, वर आलेला बॉल धर आणि टाक," असं त्याला तीन वर्षं सांगितलं जातं. ड्रिबल करू देत नाहीत. पास द्यायची वेळ त्याच्यावर येत नाही. मग अकरावीपर्यंत बाकीची पोरं त्याच्या बरोबरीला येतात. तो पाच फूट दहा इंचांवर थांबलेला असतो, आणि आता त्याला गार्ड खेळायचं असतं. हातात काहीच नसतं. असा मुलगा मुकाट्याने खेळ सोडतो. आपल्या संघात त्याच्यामुळेच दोन कप आले होते, हे कुणाला आठवतही नाही.

डीएसओच्या, म्हणजे जिल्हा क्रीडा अधिकारी कार्यालयाच्या, स्पर्धांबद्दल इथेच बोलून घेतो. जिल्हा पातळीवरच्या शालेय स्पर्धा बहुतेक बाद पद्धतीने होतात. पावसाळ्यात, उघड्या कोर्टवर, वायपरने पाणी ओढून ओढून मॅच खेळवल्या जातात. बाद पद्धतीचं गणित साधं आहे: निम्मे संघ पहिल्याच मॅचला घरी. जूनपासून घाम गाळलेल्या बारा पोरांपैकी पाच-सहा जण त्या एका मॅचमध्ये कोर्टवर उतरतात, उरलेली टाळ्या वाजवतात. वर्षाचा हंगाम संपला. ज्या पोराला वर्षातून एकच मॅच मिळते, तीही हरायची नाही अशा अटीवर, ते पोर त्या मॅचमध्ये काही नवं करून बघेल का? डाव्या हाताने लेअप मारायची हिंमत करेल का? कोच तरी झोन सोडून मॅन टू मॅन खेळवतील का? त्या कोचचा करार वर्षावर असतो आणि संस्थेच्या ऑफिसात विचारलं जातं ते एकच: कप किती आले? कोचवर सगळा राग काढणं मला पटत नाही. मैदानावर दोन तास उभा राहणारा तो एकटाच माणूस आहे. त्याच्याकडून काय मागायचं, हे आपण ठरवतो.

मुंबईत नागपाड्याला काय झालं, ते बघण्यासारखं आहे. अमेरिकन मराठी मिशनचे क्लिफर्ड मॅनशार्ट यांनी १९२०च्या दशकात तिथे नागपाडा नेबरहूड हाऊस सुरू केलं. हेच मॅनशार्ट पुढे १९३६ मध्ये आजच्या टाटा सामाजिक विज्ञान संस्थेचे पहिले संचालक झाले. दाट वस्ती, माणसं कष्टकरी. त्या वस्तीत बास्केटबॉल असा रुजला की तिथल्या पोरांनी पिढ्यान्‌पिढ्या राज्याचे आणि देशाचे संघ गाजवले. अब्बास मुंतसिर तिथलेच, भारताचे कर्णधार, १९७०चे अर्जुन पुरस्कार विजेते. नागपाड्याकडे पैसा नव्हता. त्यांच्याकडे गल्लीच्या टोकाला कोर्ट होतं, आणि थोरल्यांच्या पायांत घुटमळत खेळणारी धाकटी पोरं होती. गंगापूर रोडच्या पोराला आठवड्यातून तीन दिवस एकेक तासाची बॅच मिळते. त्यात एका रिंगला वीसजणांची रांग. तासाभरात बॉल हातात येतो किती वेळा, ते पालकांनी एकदा गेटबाहेर न थांबता आत जाऊन मोजावं. आणि शाळेच्या कोर्टला रविवारी कुलूप का असतं, हेही विचारावं.

लांबचं उदाहरण तरी कशाला हवं? गंगापूर रोडपासून हाकेच्या अंतरावर भोसला मिलिटरी स्कूलचं मैदान आहे. हरसूलकडच्या सावरपाड्याची कविता राऊत शाळकरी वयात तिथे प्रशिक्षक विजेंदर सिंग यांच्याकडे पळायला लागली. तिला मोठं पदक मिळालं २०१० मध्ये, वयाच्या पंचविसाव्या वर्षी: दिल्लीच्या राष्ट्रकुल स्पर्धेत दहा हजार मीटरचं कांस्य आणि लगोलग ग्वांगझूच्या आशियाई स्पर्धेत रौप्य. पुढे रिओ ऑलिंपिकमध्ये ती मॅरेथॉन धावली. म्हणजे लहान वयात सुरुवात आणि पंचविशीत फळ, हे नाशिकने स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलंय. त्या मधल्या वर्षांत तिला धावत ठेवणारा माणूस होता. बास्केटबॉलच्या पोरांची मधली वर्षं कोण सांभाळतं?

याच रस्त्याने पुढे गंगापूर-सावरगावकडे गेलं की द्राक्षबागा लागतात. तिथल्या कुठल्याही बागायतदाराला विचारा, नव्या लागवडीवर पहिल्याच वर्षी माल धरतो का? आधी खोड, मग ओलांडे, मग मालकाड्या. घाईने घड धरले तर वेल कायमची अशक्त होते, हे त्याला पोटापाण्याने शिकवलंय. त्याचीच नातवंडं शिकायला गंगापूर रोडला येतात आणि अकराव्या वर्षी त्यांच्याकडून आपण माल मागतो.

मधल्या वर्षांत शरीरात होतं काय? मुली साधारण बाराव्या वर्षाच्या आसपास सगळ्यात वेगाने वाढतात, मुलगे चौदाव्याच्या. त्या वर्षात हातपाय लांब होतात आणि काल जमलेली गोष्ट आज जमेनाशी होते. बॉल सुटतो, पाय अडखळतो. गुडघ्याच्या वाटीखाली, नडगीच्या टोकाशी दुखायला लागतं. डॉक्टर त्याला ऑसगुड-श्लाटर म्हणतात. वाढत्या हाडावर उड्यांचा ताण पडून हे होतं, आणि सिमेंटवर रोज उड्या मारल्या की भरच पडते. उपाय म्हणजे उड्या कमी करणं, थोडी विश्रांती, मांडीचे स्नायू ताणायचे आणि बळकट करायचे व्यायाम. बहुतेकांचं वाढ थांबली की दुखणंही थांबतं. पण आपल्याकडे ऐकू काय येतं? "नाटक करतोय." "मॅचच्या वेळेलाच बरं दुखतं!" हे बोलणं थांबलं पाहिजे, आजपासून. तेरा-चौदा वर्षांचं पोर गुडघ्याखाली बोट ठेवून इथे दुखतंय म्हणत असेल, तर ते खरं बोलतंय असं धरून चाला.

नेमक्या याच वर्षी आपण खेळ बंद करतो. नववी लागली, क्लास लागला, बॉल माळ्यावर. शरीर आता कुठे सावरणार, हातात आलेलं पक्कं होणार, तेव्हाच पोर कोर्टवरून गायब. टिम डंकन हा एनबीएच्या पाच विजेतेपदांचा धनी. कॅरिबियन बेटावरचा तो पोहणारा मुलगा, १९८९च्या ह्यूगो वादळात बेटावरचा मोठा जलतरण तलाव उद्ध्वस्त झाला तेव्हा त्याचं पोहणं सुटलं. बास्केटबॉल तो खेळायला लागला नववीत. हकीम ओलाजुवॉन नायजेरियात फुटबॉल आणि हँडबॉल खेळायचा. पंधराव्या वर्षाच्या आसपास बास्केटबॉल त्याच्या हातात आला. नववीत त्यांचा खेळ सुरू झाला आणि आपला संपतो. प्रत्येक पोर डंकन होणार नाही. पण त्याने पुढे पस्तिशीपर्यंत रविवारी खेळावं, एवढं तरी आपल्याला हवंय की नको?

दहावीच्या क्रीडा गुणांसाठी खेळवणाऱ्या पालकांना एकच सांगतो. ते गुण घ्या, हक्काचे आहेत. पण गुण मिळाल्याच्या दुसऱ्या दिवशी पोराचे बूट भंगारात काढू नका.

मुलींचं गळणं याहून लवकर सुरू होतं, सातवी-आठवीत. कारणं सगळ्यांना माहीत आहेत आणि कुणी मोठ्याने बोलत नाही. मैदानाजवळ स्वच्छ बाथरूम नसतं. पाळी सुरू झालेल्या मुलीला कोचशी बोलायला दुसरी बाई नसते. सहानंतर अंधार पडतो आणि कोर्टवरचा दिवा कधीचा गेलेला असतो. बिनबाह्यांच्या जर्सीवरून घरात कुरकुर सुरू होते. पुण्याची शिरीन लिमये भारताच्या महिला संघाची कर्णधार झाली. २०१७ मध्ये बंगळुरूला आशिया कपच्या ब गटाच्या फायनलमध्ये कझाकस्तानला ७५-७३ असं हरवून भारतीय मुली वरच्या गटात गेल्या, तेव्हा ती त्या संघात होती. गंगापूर रोडच्या सातवीतल्या मुलींना हे कुणी सांगितलंय का? जर्सीला टी-शर्टची बाही जोडायला शिंप्याला किती वेळ लागतो? दिव्याचा बल्ब बदलायला संस्थेच्या सभेचा ठराव लागतो का?

आता कामाचं. दहा फुटांचा खांब पक्का गाडलेला आहे, तो हलत नाही, हे मला माहीत आहे. हलवू नका. सातपूर किंवा अंबडच्या कुठल्याही फॅब्रिकेशनवाल्याकडे जा, भिंतीला किंवा त्याच खांबाच्या बाजूला नट-बोल्टने बसेल असा ब्रॅकेट आणि रिंग करून घ्या, जमिनीपासून साडेआठ फुटांवर. दोन-तीन बसवल्या तर वीसजणांची रांगही मोडेल. पाच नंबरचे बॉल आणा. पाचवीपर्यंतच्या पोरांना मोठी रिंग दाखवूच नका.

मग मॅच वाढवा. या एका रस्त्यावर आणि त्याला लागून असलेल्या कॉलन्यांत बास्केटबॉलचं कोर्ट असलेल्या शाळा इतक्या जवळजवळ आहेत की पोरं सायकलवर एकमेकांकडे जातील. रविवार सकाळ, अर्ध्या कोर्टवर तीन विरुद्ध तीन. आता तो ऑलिंपिकचाही खेळ झाला आहे. हरलेल्या संघाने घरी जायचं नाही, पुढच्या कोर्टवर जायचं. झोन बंद. प्रत्येक पोर प्रत्येक मॅचमध्ये खेळणार. कप नाही, सर्टिफिकेट नाही, फ्लेक्स तर नाहीच. सकाळी सात ते दहा, एका सकाळी एका पोराला पाच-सहा मॅच. डीएसओला ज्यांना पाच वर्षांत मिळून तेवढ्या मॅच मिळत नाहीत, त्यांना एका रविवारी मिळतील.

कोचना एक विनंती. प्रत्येक मॅचला एक वही ठेवा आणि त्यात पॉइंट लिहू नका. कोण किती मिनिटं खेळलं, ते लिहा. ती वही महिन्याच्या शेवटी मुख्याध्यापकांना दाखवा, पालकांना दाखवा. संस्थाचालकांनी करार वाढवताना कपांच्या कपाटाऐवजी ती वही मागवावी, आणि तीन वर्षांपूर्वी पाचवीत असलेल्या पोरांपैकी आज आठवीत किती जण खेळतात, हा आकडा विचारावा.

पालकांनो, गेटवर पोर घामाघूम होऊन आलं की "किती पॉइंट केलेस?" हे विचारणं सोडा. डाव्या हाताने मारलास का, ते विचारा. आणि "मारला, पण गेला नाही" असं म्हणालं, तर उद्या पुन्हा मार म्हणावं.

दिवाळीच्या सुट्टीला शाळांची आवारं रिकामी असतात. वेल्डिंगचं काम काढायला त्याहून बरा मुहूर्त नाही. ज्या शाळेला रिंग बसवायची आहे आणि रविवारचं कोर्ट उघडायचं आहे, तिने या सदराच्या पत्त्यावर एक ओळ पाठवावी. पहिल्या रविवारी सकाळी सातला वही घेऊन बसायला मी येतो.